वन्संच्या ड्रममधलं संत्रं

आमच्या वन्संना माणसांपेक्षा झाडं जास्त कळतात, असं मी आल्या-गेल्याला सांगायचे. त्या शेजारी बसलेल्या असल्या तरी सांगायचे. त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या की झाडं निदान उलटून बोलत नाहीत. मग मी उलटून बोलायचे, आणि पाहुणा बिचारा चहाच्या कपात तोंड खुपसून बसायचा.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आयुष्यभर त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात काजं केली. शर्टाच्या पट्टीला नेमकी चीर द्यायची, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही, आणि मग तिच्या कडा टाक्यांनी बांधायच्या. काजांचं मशीन आलं तरी महागाच्या कोटांची काजं त्यांच्याकडेच यायची. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही नसतं. नोकरी संपली तेव्हा एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि कुंडीतली एक काटकी घेऊन त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. ट्रंक पलंगाखाली गेली, मशीन कोपऱ्यात गेलं. काटकीनं मात्र माझी गॅलरी खाल्ली.

गॅलरी तरी केवढी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यावं अशी. तिथं वन्संनी रंगाचे रिकामे ड्रम आणले, अर्ध्यात कापून घेतले, तापवलेल्या सळईनं बुडाला भोकं पाडली, खाली चाकं बसवली आणि त्यांत एकेक फळझाड लावलं. अंजीर, लिंबू, डाळिंब आणि त्या काटकीचं संत्रं. सगळी छातीच्या उंचीच्या आत, आणि सगळी फळणारी. खालच्या मजल्यावरच्या बाई आमच्या गॅलरीला बुटक्यांची शाळा म्हणायच्या. मला वाटायचं, वन्सं झाडांना उपाशी ठेवून खुजं करतात. तसं नव्हतं. थंडी सरता सरता त्या एकेक झाड ड्रममधून उपसायच्या, मातीच्या गोळ्याभोवती गोल गोल फिरलेली मुळं पावाच्या दातेरी सुरीनं चहूबाजूंनी कापायच्या आणि नवी माती भरून झाड परत त्याच ड्रममध्ये बसवायच्या. मुळं जेवढी, तेवढाच वरचा पसारा, असं त्यांचं गणित. ती सुरी पुन्हा पावाला लावायची माझी कधी छाती झाली नाही.

संत्र्याची गोष्ट वेगळी होती. ते कलम होतं. खालचा खुंट एका रानटी, काटेरी जातीचा. त्याचं फळ जनावरही तोंडात धरणार नाही, पण त्याच्या अंगी एक गुण असा की त्याच्यावर बांधलेलं झाड ठेंगणं राहतं. वर काडी बांधली होती ती माझ्या सासूबाईंच्या अंगणातल्या संत्र्याची. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, त्याला जरा सवलत दिली की सगळं बळ तोच ओढतो. म्हणून वन्सं रोज सकाळी चहाच्या आधी वाकून बुंधा तपासायच्या आणि कोंब दिसला की नखानं खुडायच्या. त्या हे कोणाला सांगत बसल्या नाहीत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

सासूबाई गेल्यावर यांनी ते घर विकलं. आम्हाला हा फ्लॅट घ्यायचा होता, घर पडायला आलं होतं, कारणं सगळी खरी होती. वन्संचा वाटा त्यांना पोचला. फक्त विकायच्या आधी त्यांना कोणी विचारलं नाही. त्या तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्यांना कळलं ते शेजाऱ्यांकडून. मिळेल त्या बसनं पोचल्या, तोवर अंगणात करवत फिरून गेली होती आणि झाड आडवं पडलं होतं. त्याच्या शेंड्याच्या काही काड्या ओल्या रुमालात गुंडाळून त्या तशाच परतल्या. त्यातली एक जगली.

त्यावर बहीण-भावांत एवढ्या वर्षांत एक शब्द झाला नव्हता. दरवर्षी ते ठेंगणं झाड मोजकीच संत्री धरायचं, आंबट, बियांनी ठासलेली, बाजारात कोणी फुकट उचलणार नाही अशी. पहिलं फळ वन्सं सोलून यांच्यापुढे ठेवायच्या. हे एकही फोड मागं न ठेवता खायचे आणि उठून जायचे. खरं सांगते, मला ते बघवायचं नाही.

मग उन्हं तापायला लागली त्या दिवसांत वन्सं न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड आणि उजवं मनगट, दोन्ही एकदम. खुब्यात सळई बसली, हात प्लास्टरमध्ये गेला आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर त्यांचा मुक्काम पडला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की मी सांगेपर्यंत तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. सळई हलली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि या वयात ते झेपेलच असं नाही. आतल्या खोलीची खिडकी पाइपांच्या बोळात उघडते. गॅलरी बाहेरच्या खोलीला. मधे एक भिंत, पण वन्संसाठी ती सातासमुद्रापलीकडे गेली.

हे म्हणाले, ताई, तू काळजी करू नकोस, झाडांचं मी बघतो. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. काम न करणारा भाग काढून टाकायचा आणि चालणाऱ्याला तेल घालायचं, ही त्यांची विद्या. झाडालाही त्यांनी तीच लावली. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी. संत्र्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, तर तहानलंय म्हणून आणखी पाणी. फांद्या उघड्या पडल्या तशा वाळक्या ठरवून छाटल्या. तेवढ्यात बुंध्याजवळून एक हिरवागार फुटवा सरसरून वर आला आणि हे हरखून गेले.

रोज संध्याकाळी ते वन्संच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचे आणि फुटव्याची बातमी द्यायचे. आज वीतभर झाला. आज दोरी बांधून सरळ केला. आता माझ्या कोपरापर्यंत आलाय. वन्सं दुखण्याच्या गोळ्यांनी अर्ध्या गुंगीत असायच्या. पाणी बेतानं घाल एवढंच म्हणायच्या आणि हसायच्या. कधी त्यांची शाळा निघायची, कधी सासूबाईंचा मार. या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, पडल्या ते एका परीनं बरंच झालं. माझी जीभ काळीच म्हणायची.

एका दुपारी हे बाहेर गेले होते. कपडे वाळत घालताना त्या फुटव्यानं माझ्या दंडावर हा एवढा ओरखडा काढला. मी मलम शोधत आत आले आणि वन्संना म्हटलं, तुमच्या लाडक्यानं बघा काय केलं, काटे आहेत की दाभण. त्या कुशीवर होत्या. गुंगी कुठल्या कुठे गेली.

"त्याचं एक पान आण," त्या म्हणाल्या. "देठासकट आण."

मी पान आणून त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. एका देठावर तीन लहान पानं होती. वन्संनी ते पालथं केलं, उलथं केलं आणि चादरीवर ठेवून दिलं. संत्र्याच्या देठाला एकच पान असतं, त्या म्हणाल्या. हा खुंटाचा आहे. मग जोड, खुंट, रोजचं खुडणं, सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. घर गेलं, अंगण गेलं, झाड गेलं. उरली होती एक काडी, आणि ती यांनी मायेनं पाणी घालघालून मारली होती. ज्या घराचं झाड एकदा यांच्यामुळे तुटलं, त्याच घराचं झाड पुन्हा यांच्याच हातून. हे कळल्यावर हे त्या स्टुलावर पुन्हा कधी बसणार होते?

"वरचं काही जिवंत आहे का?" वन्संनी विचारलं.

मला काय कळणार. मी म्हटलं, थोटकं आहेत. त्या म्हणाल्या, मला घेऊन चल. मी डॉक्टरांची आठवण केली. त्या म्हणाल्या, तू नाही नेलंस तर मी सरपटत जाईन. त्या गेल्याही असत्या.

हात प्लास्टरमध्ये, म्हणून वॉकर धरता येईना. मी प्लास्टिकची खुर्ची पायपुसण्यावर ठेवली, त्यांना तिच्यात बसवलं, दुखरा पाय स्टुलावर ठेवला आणि एक ढकल खुर्चीला, एक स्टुलाला, अशी त्यांची वरात काढली. आतली खोली गेली. बाहेरची गेली. गॅलरीच्या उंबऱ्याशी खुर्ची अडली. मी जोर लावला, खुर्ची कलंडली, स्टूल सरकलं आणि वन्संचा पाय खाली आला. टाच फरशीला लागल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. मी रडकुंडीला आले, म्हटलं, वन्सं, परत फिरू. त्यांनी मान हलवली आणि गॅलरीकडे बोट केलं.

मी ड्रम चाकांवरून त्यांच्याजवळ ओढला. डाव्या हाताच्या नखानं त्यांनी एकेका थोटकाची साल खरवडली. तपकिरी. तपकिरी. कोरडी ठणठणीत. शेवटी एक काडी राहिली, पेन्सिलीपेक्षा बारीक, मरगळलेल्या पानांची. यांनी ती छाटली नव्हती, कारण फुटवा सरळ ठेवायची दोरी तिला बांधली होती. नख लागलं आणि खाली हिरवा रंग दिसला.

तीन डोळे आहेत, वन्सं म्हणाल्या. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक फुगवटा, ज्यातून पुढे फांदी येते. तो सालीच्या चकतीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली सारला आणि दोघांचा रस एक झाला तर तिथून जुनं झाड पुन्हा उगवतं. पण काडी सुकत चालली होती, उद्यापर्यंत ती टिकेल याचा भरवसा नव्हता. कलम बांधणारं कोणी मिळेल का म्हणून मी रोपवाटिकेत फोन लावला. मालक परगावी गेला होता, आठवड्यानं येणार होता. फोन ठेवला आणि दारात किल्ली फिरली.

हे आत आले ते हातात खताची पिशवी घेऊन. बहिणीला गॅलरीत बघून तोंडभर हसले.

"बघितलास ना ताई? केवढा झालाय!"

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. त्या क्षणी त्यांना काय म्हणावंसं वाटलं असेल ते मला माहीत आहे, कारण मला तेच म्हणावंसं वाटत होतं.

"बघितला," त्या म्हणाल्या. "बस इथं."

मग त्यांनी सांगितलं. आडून नाही, गोड करूनही नाही. हा खुंटाचा आहे, छोट्या. आईचं संत्रं आता या काडीत उरलंय. हे साठी उलटलेले, पोट सुटलेले, पण वन्संना ते छोट्याच. त्यांच्या हातातली पिशवी खाली गेली. त्यांनी फुटव्याकडे बघितलं, छाटलेल्या फांद्यांच्या खुणांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

वन्संनी माझ्याकडून नवं ब्लेड मागून घेतलं आणि यांच्यापुढे धरलं. हे मागं सरकले. म्हणाले, मी नाही, मी आणखी बिघडवीन. वन्सं म्हणाल्या की माझा हात बांधलेला आहे आणि हिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही. एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

आधी पानं कापून टाकायची, देठ तेवढा ठेवायचा, धरायला मूठ म्हणून. मग डोळ्याच्या खालून ब्लेड घालून वर काढायचं, सालीखालचं लाकूड जेमतेम खरवडेल इतपत. यांनी घातलं ते खोल गेलं. डोळा मधोमध चिरला. वन्सं म्हणाल्या, दुसरा घे. दुसरा सुरेख निघाला, पण यांच्या चिमटीतून देठ निसटला आणि डोळा ड्रमच्या चिखलात पडला. मी उचलायला वाकले तर वन्संनी थांबवलं. आतल्या ओल्या बाजूला माती लागली की तो गेला.

एक उरला. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्नवर हात दाबून ठेवला होता. हे ब्लेड हातात धरून तसेच बसले.

"ताई, घराच्या वेळेला मी..."

"आत्ता नको," वन्सं म्हणाल्या. "हात हलेल. आधी खुंटावर चीर दे. आडवी एक, तिच्या मधून खाली उभी एक. फक्त साल कापायची."

खुंट म्हणजे तोच फुटवा. यांनी जीव लावून वाढवलेला, रसानं टच्च भरलेला. चीर दिली तशी त्याची साल पाकिटासारखी सुटली. वन्सं पुटपुटल्या की निदान हे तरी छान पोसलंस. तिसरा डोळा यांनी श्वास कोंडून कापला, देठाला धरून उचलला आणि सालीच्या खाली सारला. तो आत बसला. धुतलेल्या दुधाच्या पिशवीची पट्टी कापून मी दिली, ती यांनी वरखाली गुंडाळली, डोळा आणि देठ उघडे ठेवून. वन्सं डाव्या हाताचं बोट जरा वर, जरा खाली करत होत्या, आणि यांचे हात त्या बोटामागं जात होते.

संध्याकाळी वन्संच्या पायाला सूज आली. दुसऱ्या दिवशी पायाचा फोटो काढला. डॉक्टर आम्हा दोघींना असं बोलले की काही विचारू नका. सळई मात्र जागेवर होती.

आणि घरातलं बोलणं बंद पडलं. वन्संनी यांना बजावलं होतं की मी सांगेपर्यंत त्या जागी बोट लावायचं नाही. हे दिवसातून कितीदा तरी गॅलरीत जायचे आणि हात मागं बांधून उभे राहायचे. आतल्या खोलीत मात्र जाईनात. औषध द्यायचं असलं तर माझ्या हाती. स्टूल पलंगाशी रिकामं. वन्सं दाराकडे बघत पडून राहायच्या. मी मधल्यामधे भाजी चिरत बसायचे, आणि मला पक्कं कळत होतं की तो डोळा सुकला तर हा माणूस बहिणीच्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. दोघं एका छताखाली राहतील, आणि एकमेकांना मुकतील. मी काही कोणापुढे हात जोडणारी नव्हे. तेव्हा त्या काटेरी फांदीपुढे जोडले.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी वॉकर घेऊन चालायची परवानगी दिली, त्याच सकाळी वन्सं खुरडत गॅलरीत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि यांना हाक मारली. हे आले, पण दारातच थांबले. देठ पिवळा पडला होता, तो मलाही दिसत होता.

"देठाला बोट लाव," वन्सं म्हणाल्या. "हळू."

हे नको म्हणाले. वन्संनी पुन्हा सांगितलं. यांनी बोट पुढे केलं, आणि नुसता स्पर्श झाला न झाला तोच तो देठ गळून त्यांच्या तळहातावर पडला.

हे मटकन खाली बसले. "तुटला गं, ताई. मी जोर नाही लावला. शपथ, नाही लावला." आणि मग ते रडायला लागले, लिफ्टच्या खोल पोकळीत दोरावर लोंबकळून काम केलेला तो माणूस, मुसमुसून. आईचं घर मी मोडलं, झाड मी मोडलं, आता हेही, असं काहीबाही म्हणत राहिले. माझेही डोळे भरले.

"अरे वेड्या," वन्सं म्हणाल्या. "मेलेल्या डोळ्याचा देठ वाळून तिथंच चिकटून बसतो. हा आपण होऊन गळाला. खाली बघ, हिरवा आहे. धरलाय त्यानं जीव."

यांना ते खरंच वाटेना. त्यांनी वाकून बघितलं, मला बघायला लावलं, परत स्वतः बघितलं. पट्टीच्या मधोमध तो फुगवटा ओला, हिरवा, टपोरा बसला होता. मग त्यांनी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.

"विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. "घर विकताना. तू नाही म्हणशील म्हणून नाही विचारलं."

"नाहीच म्हणाले असते."

"मग?"

"मग तू तरीही विकलं असतंस. मी भांडले असते. वर्षभर तुझ्याशी बोलले नसते, आणि मग बोलले असते. आपलं भांडायचंच राहून गेलं, छोट्या."

हे म्हणाले की पडक्या घराचं छप्पर दरवर्षी शाकारायला वर कोण चढत होतं, तू तर लांब राहून सणावारी यायचीस. वन्सं म्हणाल्या, लांब होते म्हणून काय मेले होते, आणि झाड तोडायच्या आधी एक फोन करायला हात मोडले होते का. हे म्हणाले, फोन केला असता तर तू झाडाला मिठी मारून बसली असतीस. वन्सं म्हणाल्या, बसलेच असते. आवाज चढत गेले. खालच्या मजल्यावरच्या बाई मान वर करून बघायला लागल्या. मी त्यांना हातानंच खुणावलं की काही नाही, चालू द्या, आणि गॅलरीचं दार ओढून घेऊन दोघांना भांडू दिलं.